तीनचं बटण

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी धुळ्यात एका खासगी बसच्या बुकिंग खिडकीपुढे रांगेत होतो. माझ्यापुढे कमलबाई, आत दीपक, आणि त्याच्या स्पीकरफोनवर जळगावच्या मुख्य कार्यालयातल्या पुनम मॅडम.

"मॅडम, अक्कांचं वय त्रेसष्ट टाकतोय, पण पडद्यावर सहाशे तेहतीस येतंय. तिकीट निघत नाही."

"भो, मना नातूनं बारसं शे सुरतले. दहा मिनिटमा गाडी निंघी जाई!"

"थांबा हो अक्का. मॅडम, सॉफ्टवेअर खराब आहे का?"

"मी इथून त्रेसष्ट टाकलं, ते बरोबर गेलं. म्हणजे सॉफ्टवेअर ठीक आहे. तुम्ही बाकीचे आकडे दाबून बघा."

"एक, दोन, चार, पाच... सगळे बरोबर. फक्त तीन दोनदा उमटतो."

"मंग बासष्ट टाकी दे. एक वरीसनं काय मोठं!"

"अक्का, आधार कार्डाशी जुळायला पाहिजे ना!"

"दीपकभाऊ, कीबोर्डला कालपासून काय झालं?"

"काही नाही मॅडम. दसऱ्याची पूजा केली फक्त."

"अक्षता वाहिल्या?"

"कीबोर्ड नवा आहे, म्हणून मूठभर वाहिल्या."

"उलटा धरा आणि झटका."

"अरे बापरे, तांदूळ पडले!"

"आता तीन दाबा."

"एकदाच आला! अक्का, हे घ्या तिकीट. पळा!"

"पयस रे भो, पयस!"

"दीपकभाऊ, राउटरवर नाही ना अक्षता टाकल्या?"

"छे मॅडम! त्याच्यावर फक्त नारळ फोडला."