कपाटामागच्या तारखा

ग्राहक न्यायालयाच्या व्हरांड्यात बसणाऱ्या टंकलेखकाचं यंत्र जुनं होतं, पण कान मात्र नवेकोरे. शेजारच्या बाकावर एक निवृत्त नर्सबाई आणि त्यांचा भाचा बोलू लागले, तशी त्याची बोटं आपोआप थांबली.

“मावशी, तुला घर विकणारा भला माणूस आहे गं. भिंतीतल्या भेगेवर फुकटात रंग लावून देतो म्हणतोय.”

“त्याच भेगेपुढे कपाटही फुकटातच ठेवून गेला होता.”

“त्याला भेग ठाऊकच नव्हती म्हणे.”

“मग तिच्या टोकाशी पेन्सिलीनं तारखा कोणी घातल्या? दर दोन महिन्यांनी एक. भेग कुठवर सरकली ते बघत होता तो. खरेदीखतावर सहीखाली तारीख आहे ना, तिथल्या नऊलाही तीच लांब शेपटी आहे.”

“मग फोटो काढ आणि लावू दे की रंग.”

“फोटो बघून म्हणेल, म्हातारीनंच लिहिलंय. कोर्टाचा माणूस भिंतीवरचे आकडे खरेदीखताशी ताडून जाईपर्यंत तिला ब्रश लागायचा नाही.”

“अगं, रंगारी आत्ता दारात पोचला असेल. मीच हो म्हटलं.”

“पोचू दे. किल्ली माझ्या कमरेला आहे.”

टंकलेखकानं न विचारताच कागद चढवला.

“बाई, मागणी काय लिहू? दुरुस्ती की भरपाई?”

“दोन्ही नको. घर परत घे आणि पैसे परत दे, असं लिहा. त्या भिंतीखाली आता त्यानं झोपून दाखवावं.”