आता उठंल बघ

बुक्का लागला, हार गळ्यात पडला, पेटीमास्तरांचा चहाही झाला. कीर्तनाच्या पूर्वरंगातलं जड निरूपण आता बाजूला ठेवू आणि आख्यानाला लागू. पण आधी एक प्रश्न. मंडळी, ऐका! तुमच्यासमोर एक माणूस पडलाय. एकजण त्याला म्हणतो, ‘ऊठ, गड्या, ऊठ!’ दुसरा म्हणतो, ‘पडून राहा, मी आहे इथं.’ दोघांतला दयाळू कोण?

लगेच उत्तर देऊ नका. माझी आख्यानं तुम्हाला पाठ आहेत, हे मला ठाऊक आहे. भक्तावर संकट येणार, भक्त रडणार, बुवा उपरणं झटकणार आणि देव धावत येणार! दाराजवळचे ते आजोबा तर देव यायच्या आधीच चपला शोधायला लागतात. हसताय काय? काल नाही शोधल्या?

आज राजा नाही, ऋषी नाही, राक्षस तर मुळीच नाही. आज आहे एक जपानी कार्टून. बघा, मागची पोरं कशी ताठ बसली! एरवी डुलक्या काढत असतात.

तर काल दुपारचं माझं जेवण पिसाळांकडे होतं. सप्ताहाला आलेल्या बुवानं रोज एका घरी जेवायचं, ही तुमच्या गावची रीत. विलास पिसाळ, रस्त्याकडेला ज्याचं ग्रिलचं दुकान आहे तो. निम्म्या गावाच्या खिडक्या त्यानं केल्यात, आणि गावच्या मुलींच्या कबड्डी संघाचा कोचही तोच. त्याची लेक हर्षदा. तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता, मी कालच ओळखलं. ताटात पुरणपोळी होती, वर तुपाची धार होती, आणि जे ऐकलं त्यानं पोळी ताटातच राहिली.

या बापलेकीला एक नाद होता. मैदानावरून आलं की ओसरीत बसायचं, मोबाईल तांब्याला टेकवायचा आणि ही जपानी मालिका बघायची. मालिका कसली? रस्सीखेचीची! हो, जपानातसुद्धा दोर ओढतात, आपल्यालाच वाटतं फक्त ग्रामपंचायतीत ओढतात. नायिका हिनाको, कोळ्याची पोर, शाळेच्या संघात. आणि सुरुवात, मंडळी, काय सुरुवात! तिसऱ्या भागात हिनाको हरते. नुसती हरत नाही, दोरानं तळहाताची सालटी निघतात. आणि चौथा भाग? अख्ख्या चौथ्या भागात सामनाच नाही! पोरगी घरात बसलीय, दोन्ही हातांना पट्ट्या, आणि आई तिला भात भरवतेय. आई घास करते, पोर तोंड उघडते. ती पुन्हा दोर धरेल? नाही धरणार? कुणाला माहीत! विलास मला म्हणाला, “बुवा, त्या दिवशी आम्ही दोघंबी जेवायचं इसरलो.”

म्हणजे काय? गोष्ट खरी होती. खऱ्या गोष्टीत पुढचं कळत नाही. तुमच्या घरात उद्या काय होणार, सांगता येतं का तुम्हाला?

पण पुढं त्या मालिकेचं काय झालं! रचणाऱ्याला कळलं की लोकांना जिंकलेली पोर आवडते. मग प्रत्येक सामना एका साच्यातला. आधी संघ मागे पडायचा. मग हिनाकोचा पाय घसरायचा, तोंड चिखलात. मग तिला लहानपण आठवायचं, बाप होडीतून हात हलवतोय. मग संगीत — पेटीमास्तर, चढवा जरा! हां, असंच, अजून वर! — डोळ्यांत जाळ, मुठीत दोर, आणि हिनाको उभी! समोरच्या सगळ्या पोरी पालथ्या. पुढच्या भागात दुसऱ्या पोरी, पण पालथ्याच.

हर्षदा कंटाळली. म्हणाली, “पप्पा, ह्यात आता काय राह्यलं न्हाई. कधी पडणार, कधी उठणार, सगळं आधीच कळतंय.” विलासला मात्र नेमकं तेच गोड लागायला लागलं. का लागू नये? दिवसभर डोळ्यांत वेल्डिंगच्या ठिणग्या, गिऱ्हाइकाची कटकट, वीज गेली की काम ठप्प. संध्याकाळी एक गोष्ट तरी मनासारखी होत होती. हिनाको पडली की हा मांडीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, “आता उठंल बघ.” आणि ती उठायची. दरवेळी! आपलं म्हणणं दरवेळी खरं ठरायला लागलं की माणसाला वाटतं, आपल्याला कळतं.

विलासला हसू नका. घरात कुणी आजारी पडलं की आपण काय म्हणतो? ‘होईल बरं.’ सून माहेरी निघून गेली, ‘येईल परत.’ कशावरून? डॉक्टरला विचारलं? सुनेला विचारलं? नाही. ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत तसं होतं, एवढ्यावरून.

आता मागच्या जत्रेतला कबड्डीचा तो अंतिम सामना. मी तिथं नव्हतो. तुम्ही होता.

आपल्या पोरी विरुद्ध तालुक्याचा संघ. पुढच्याच आठवड्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती, आणि हर्षदाचं नाव त्यात जवळजवळ पक्कं. त्याच्या जोरावर पुढं पोलीस भरती. रोज पहाटे ही पोर पळायला निघायची तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण दूध घालायला निघालेले असायचे, तुम्ही बघितलंय तिला. आईनं देवघरात नवस बोलला होता, अंगावर खाकी आली की देवीला साडी-चोळी. त्या घरात दुसरं स्वप्नच नव्हतं.

सामना संपत आलेला, आपण थोडेच मागे. हर्षदा चढाईला गेली. एकीनं घोटा धरला, दुसरी अंगावर आली, आणि गुडघा आत वळला. पोरगी पडली. पंचांनी शिट्टी फुंकून ती चढाई रद्द केली, खेळ थांबवला, वाकून बघितलं आणि विलासला विचारलं, “कोच, बदली देताय का?” राखीव पोर जर्सी घालून रेषेवर उभी होती. एक हात वर करायचा होता विलासनं, बस.

हर्षदा बापाला काय म्हणाली? सांगा की! पुढच्या रांगेत बसणाऱ्यांनी ऐकलंय. ती म्हणाली, “पप्पा, आत कायतरी तुटल्यागत झालंय. मला बाहेर काढा.”

यात न समजण्यासारखं काय आहे? संस्कृत आहे का? भाष्य लागतं का याला? पण विलासला ते ऐकूच आलं नाही. त्याच्या कानात ते मालिकेतलं संगीत वाजायला लागलं होतं. आपण मागे आहोत, पोर पडलीय, आता काय होतं ते त्याला पाठ होतं. तो पंचांना म्हणाला, “थांबा सायेब. आता उठंल बघा.”

आणि तुम्ही? हाच माइक होता. हेच कर्णे. माइकवरून पुकारा झाला, ‘हर्षदा उठली तर पोपटराव यादवांकडून एक गावठी कोंबडा!’ लगेच दुसरा, ‘महिला मंडळाकडून पैठणी!’ आणि मग साऱ्या मैदानानं टाळ्यांचा ठेका धरला, ऊठ, ऊठ, ऊठ! इथं नामाला देत नाही असा एकसारखा ठेका!

उठली. बाप म्हणाला, गाव म्हणालं, उठली बिचारी.

पेटीमास्तर, हात काढा. आता काही वाजायचं नाही.

लंगडत मध्यरेषेपर्यंत गेली. दम धरला. रेषा ओलांडली, पाय टाकला, आणि तो पाय गुडघ्यातून निसटला. कुणी तिला शिवलंसुद्धा नव्हतं. समोरच्या पोरी पकडायचं सोडून मागं सरल्या, त्यांतली एक तोंडावर हात घेऊन रडायला लागली. ती किंकाळी कर्ण्यांतून साऱ्या जत्रेला ऐकू गेली, आकाशपाळण्यातल्या पोरांनासुद्धा. सामना गेला. पैठणी घडीतच राहिली, आणि पोपटराव आपला कोंबडा बगलेत मारून घरी गेले.

डॉक्टर विलासला म्हणाले, “पहिल्यांदा दुखलं तेव्हाच बसवायचं होतं. थोडी विश्रांती, आणि पोर खेळली असती. आता ऑपरेशन करू, चालेल ती. पळणं मात्र विसरा.” चालेल. ज्या पोरीनं पळण्यावर आयुष्य मांडलं होतं, तिला सांगितलं, चालशील. आईनं देवघरातला दिवा त्या दिवसापासून लावला नाही. मी काल बघितला, कोरडा पडलाय. तिला ‘लाव’ म्हणायचं धाडस मला झालं नाही.

विलास आता ओसरीत बसत नाही. हर्षदा एकटीच बसते. तीच मालिका बघते, पण फक्त चौथा भाग. पट्ट्या, भात, आई. संपला की पुन्हा तोच. काल मी जेवत असताना विलास तिला म्हणाला, “हर्षे, फुडचं लाव की. फुडं उठती ती.” पोरीनं बापाकडं बघितलं नाही. म्हणाली, “फुडचं नको पप्पा. हितंच ती माझ्यासारखी हाय.” तेव्हा विलास हात धुवायच्या निमित्तानं मोरीत गेला, नळ सोडला आणि रडला. नळ वाहत होता तरी ऐकू येत होतं. मी पोळी मोडत बसून राहिलो.

आता तुम्ही वाट बघताय. बुवा देव कधी आणणार? मला येतं ते, माझं पोटच त्यावर आहे. म्हणेन, तो पंच म्हणजे साक्षात भगवंत, ‘बदली देताय का’ म्हणून विचारायला आला होता! तुम्ही टाळ्या द्याल, डोळे पुसाल, मन हलकं करून घरी जाल. म्हणूनच नाही म्हणणार. पंच पंचच होता, आपलं काम करत होता. देव आला नाही. का आला नाही? इतकी वर्षं चिपळ्या वाजवतोय, मला माहीत नाही.

पण देव नव्हता तरी तुम्ही होता ना! तुम्हाला वैकुंठाहून यायचं नव्हतं. दोरीपलीकडं उभे होता. एवढ्या मैदानात एकाला तरी म्हणता आलं असतं, ‘विलास, ती काय म्हणतेय ते ऐक.’ एकालाही सुचलं नाही. मघाच्या प्रश्नाचं उत्तर आता द्या, दोघांतला दयाळू कोण? नका देऊ, खाली बघताय ते कळलं मला.

येत्या रविवारी पुन्हा सामने आहेत. वेशीवर फलक लागलाय, बक्षिसं लिहिलीत. हर्षदाच्या जागी आता ती राखीव पोर खेळणार, शिंद्यांची. तीही कधीतरी पडेल, खेळात पडतातच. ती काहीतरी म्हणेल. तेव्हा तुमच्या तोंडून काय निघेल? मला वाटतं मला माहीत आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते.

काल निघताना मी हर्षदाला विचारलं, “बाळ, तुझं आख्यान लावू का?” आत्ता इथं खांबाजवळच्या खुर्चीवर बसलीय ती, मांडी घालता येत नाही म्हणून. वळून बघू नका! इतके दिवस बघितलं नाहीत, आता नका बघू. तिनं मोबाईल उलटा ठेवला. मग म्हणाली, “लावा बुवा. पण शेवटी मला उठवू नका.”

मी तिला शब्द दिलाय. म्हणून आख्यान इथंच थांबतं. आता आरती. बाकीचे उभे राहा, आणि जी बसलीय तिला बसू द्या.