नारिंगी जाकीट आधी पोचले

नाव हिल्डा पोमफ्रेट, वय ६३ वर्षे, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार चॅपल गल्ली, थॉर्नसी.

समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, आमच्या गावी दर शनिवारी सकाळी नऊला समुद्राच्या बांधावरून पाच किलोमीटरची दौड असते. कोणीही यावे. मी, विनिफ्रेड क्रॉस्बी (वय ७१) आणि क्लाइव्ह बॅनिस्टर (वय ५८) असे आम्ही तिघे मित्र आठ वर्षे जातो. विनी चालतच पुरी करते. काल तिची शंभरावी होती. मी केक केला होता.

आमच्यात धावणारा कोणी शेवटचा येत नाही. नारिंगी जाकीट घालून एक स्वयंसेवक सर्वांच्या मागून चालतो, शेवटचा नंबर त्याचा. जाकीट आले की सगळे आले असे धरून आवरतात. काल ते क्लाइव्हने मागून घेतले. "विनीची शंभरावी, तिच्यामागे मीच राहणार," म्हणाला. मी शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन होते.

वारा असा की बांधावर पाय ठरेना. दहा वाजून पाच मिनिटांनी जाकीट आले. पळत आले.

मी विचारले, "विनी कुठाय?"

"गेली असेल घरी. ह्या वाऱ्यात कोण चालतंय? माझे कान गळून पडायचे बाकी होते."

"असेल म्हणजे? तू मागे होतास ना तिच्या?"

"वळणापर्यंत होतो की! मग मी माळावरून आलो, आडोशाने. तू पण ना हिल्डा, जरा काही झालं की पोलीस! चल, चहा घेऊ."

मी घड्याळ बंद केले. हेही लिहा.

हॉटेलात मी चहा घेतला, बेकनचा पाव खाल्ला. विनीचा केक क्लाइव्हने कापला. "ती आली की तिला देऊ उरलेला," म्हणाला. त्याच्या मिशीला क्रीम लागले होते. मला त्या मिशीची शिसारी आली, तरी मी बसूनच राहिले.

अकरा वाजता मी विनीच्या घरी फोन केला. कोणी उचलला नाही. मग मी एकटी बांधावर गेले. "येईल गं ती," म्हणून क्लाइव्ह उठला नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी विनी बांधाच्या खालच्या पायऱ्यांवर पडलेली दिसली. खुबा मोडला होता, ओठ निळे होते. वाऱ्याने ढकलले, म्हणाली. तासाच्या वर हाका मारत होती. मी आपल्याकडे व रुग्णवाहिकेस कळवले.

सायंकाळी क्लाइव्ह इस्पितळात फुले घेऊन आला. नर्सला सांगत होता, "शेवटपर्यंत मीच होतो तिच्यामागे." लाज नावाची चीज नाही मेल्याला. विनीचे हृदय अशक्त आहे, उद्याचे ऑपरेशन झेपेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत.

साहेब म्हणतात, यात गुन्हा बसतो का ते बघावे लागेल. बघा.

पायऱ्यांवर विनी मला प्रथम जे बोलली ते असे: "माफ कर गं, माझ्यासाठी तुम्हा सगळ्यांना थांबावं लागलं."

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. 'थांबावं लागलं'च्या जागी 'उशीर झाला' लिहिले होते, ते खोडून तिचेच शब्द घालायला लावले. कोणी थांबले नव्हते. बाकी सर्व मी सांगितल्याबरहुकूम आहे.

सही,
हिल्डा पोमफ्रेट