थोडं राहिलंय, सर

मी मूळची पुण्याची, येरवड्याची. वडील छापखान्यात, आई घरीच, आणि आम्ही बौद्ध माणसं, त्यामुळे भूतखेत, अंगात येणं असलं काही घरात कुणी मानलं नाही, घाबरायचं नाही असंच शिकवलं, आणि आता बघा, साउथहॅम्प्टनला येऊन मी रोज घाबरते. केअररच्या व्हिसावर आले. काही चुकलं तर नोकरी जाते आणि नोकरीपाठोपाठ देश, म्हणजे भीती होतीच, पण सरांची भीती वेगळी.

सर म्हणजे मी ज्यांची केअर करते ते आजोबा. शाळेत हिस्टरी शिकवायचे, बायको गेलेली, मुलगी कार्डिफला. काय सांगू तुम्हाला, अख्खा जन्म त्यांनी एकाच माणसावर घालवला, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा इथल्या राजाचा मोठा मंत्री. राजाचे वाईट दिवस होते तेव्हा हा त्याच्यासाठी परदेशात वणवण फिरला, राजा गादीवर आला तसा हाही वर चढला, आणि मग राजाच उलटला, पार्लमेंट मागे लागलं, म्हातारपणी सुजलेल्या पायांनी बोटीत बसून फ्रान्सला पळाला. तिकडं बसून त्यानं आपल्या काळाचा इतिहास लिहून पुरा केला आणि तिकडंच मेला. राजानं बोलावलंच नाही. हे सगळं सरांनीच सांगितलं, चहा पिता पिता, बरे होते तेव्हा.

मग डिमेन्शिया वाढला आणि सर तोच मंत्री झाले. दुपार कलली की म्हणायचे पडदे ओढ, शिपाई आलेत. माझा हात असा धरायचे की दुखायचा. भीती कधी एकट्यापुरती राहते का, मीपण पडद्याआडून बघायला लागले.

एक दिवस मी वर बेड करत होते आणि खाली दार वाजलं. येऊन बघते तर सर नाहीत. घरातल्याच चपलेवर पळत सुटले आणि मनात एकच, रस्त्याच्या टोकाला बंदर आहे, पाणी, पाणी. तिथंच होते, धक्क्याच्या अगदी कडेला, स्लिपर घालून. म्हणाले जवळ येऊ नकोस, बोट आली की मी निघालो. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात, पेशंटशी वाद घालू नका, त्यांच्याच जगात शिरा, म्हणून मी म्हटलं सर, घरी चला, राजानं तुम्हाला परत बोलावलंय. तर चिडले की हो! यंग लेडी, खोटं बोलू नकोस, राजानं कधीच बोलावलं नाही. डोकं गेलं तरी मास्तर तो मास्तरच. आणि एक पाय पुढे. माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे, आम्ही देव मानत नाही तरी म्हणते, सर, पण पुस्तक राहिलंय ना अजून? थांबले. खरंच की, म्हणाले, आणि हात पुढे केला.

ऑफिसला, मुलीला सगळं सांगितलं, दाराला अलार्म बसला, मला कामावरून काढलं नाही. आता सर रोज टेबलाशी बसतात, लिहितात, म्हणजे नुसत्या रेघाच, आणि उठताना विचारतात, झालं का पुरं? मी म्हणते नाही सर, थोडं राहिलंय.

मागच्या आठवड्यात त्यांनी आपणहून पेनला टोपण लावलं. पुस्तक पुरं झाल्यावर त्या मंत्र्याचं काय झालं, ते माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, थोडं राहिलंय, नाही का गं? मी म्हटलं हो सर, थोडं. ते तेवढं रोज राहू दे, दुसरं काही मागत नाही मी.