दामिनी मॅडमचा डावा हात

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या गावच्या सरपंच नीलाबाई, मुख्याध्यापक प्रफुल सर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या आदरणीय दामिनी मॅडम, व्यासपीठावरचे मान्यवर आणि समोर बसलेले माझे गावकरी, माताभगिनी व विद्यार्थी मित्रहो,

प्रफुल सरांनी मला बजावलंय, ‘भूपेश, मॅडमच्या सत्काराचा, आनंदाचा कार्यक्रम आहे, चांगलं चांगलं बोल.’ बोलतो. सुरुवात तर चांगलीच आहे.

मॅडम नवीन आल्या तेव्हा आम्ही पाचवीत होतो. त्यांनी विचारलं, ‘व्हॉट इज युअर नेम?’ अख्खा वर्ग सुरात ओरडला, ‘व्हॉट इज युअर नेम!’ मॅडम हसल्या, आणि मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले. आमचीही काय चूक? आम्हाला पुस्तकातली मराठीच परकी होती. घरी ‘मले’, पुस्तकात ‘मला’. त्यावर इंग्रजी! मग मॅडम आम्हाला तलावाच्या पाळीवर नेऊ लागल्या. जाळं, डोंगा, मासा, चिखल. जे हाताला लागेल त्याचं इंग्रजी. तोंडं उघडली आमची.

सहावीत आमचं इंग्रजी दुसऱ्या गुरुजींकडे गेलं. त्यांचं नाव घेत नाही. ते आता हयात नाहीत. त्यांनी मला फळ्यावरचा शब्द वाचायला लावला. चाकूला इंग्रजीत काय म्हणतात, तो. पहिलं अक्षर ‘के’. मी वाचलं, ‘क्नाइफ’.

‘के म्हणायला कोणी सांगितलं?’

‘लिवला हाय ना गुरुजी, मंग म्हणाचा काऊन नाई?’

मंडळी, तुम्हीच सांगा, हा उद्धटपणा होता का? गुरुजींना तो वाटला. पहिल्याच थपडेत मी बाकावर आदळलो. खाली पडल्यावर त्यांनी लाथा घातल्या. कानातून रक्त आलं, शर्टाची बाही भिजली, आणि डाव्या बाजूचं जग बंद झालं. ते आजतागायत बंदच आहे.

माझे वडील मनसाराम पाळीवर लाकडं फोडत होते. कोणीतरी धावत जाऊन सांगितलं. ते कुऱ्हाडीसकट आले. गुरुजी ऑफिसात शिरून कपाटामागे लपले. मुलं किंचाळत पळाली. दारात दामिनी मॅडम उभ्या राहिल्या.

‘मनसारामभाऊ, आधी पोराला दवाखान्यात न्या.’

‘बाजूले व्हा बाई. आज त्याले जित्ता ठेवत नाई.’

‘मी बाजूला होणार नाही.’

कुऱ्हाड उतरली. मॅडमनी डावा हात आडवा घातला होता. हाड दिसलं, मी पाहिलंय. बाबांच्या हातून कुऱ्हाड गळून पडली, आणि ते पाहताच गुरुजी बाहेर आले. त्यांनी दाराचा लोखंडी अडसर उचलला आणि निःशस्त्र उभ्या माणसाच्या डोक्यात घातला. बाबा कोसळले, तरी गुरुजी मारतच होते. मॅडमनी उजव्या हाताने त्यांची कॉलर धरली, त्यांना भिंतीवर ढकललं आणि त्या ओरडल्या, ‘आता पुरे! दोघंही पुरे!’ एका मालवाहू गाडीत आम्ही तिघे रक्ताने माखलेले मूल शहरातल्या दवाखान्यात गेलो. मॅडम सारा वेळ माझं डोकं मांडीवर धरून होत्या.

आणि मग त्यांनी पोलिसांत खरं सांगितलं. गुरुजींबद्दलही, बाबांबद्दलही. गुरुजींची नोकरी गेली. बाबा तुरुंगात गेले. गावाला मात्र एवढंच दिसलं की बाहेरच्या बाईनं आपला माणूस आत घातला. मॅडमच्या खोलीवर दगड पडले. माझी आई गिरजाबाई त्यांच्या दारात जाऊन बोटं मोडून आली. आई इथंच बसलीय, ती नाही म्हणणार नाही.

मॅडम गेल्या नाहीत. हात गळ्यात बांधून आमच्या घरी आल्या. आई म्हणाली, ‘माह्या घरी येऊ नोका. तुमच्या इंग्रजीनं माह्यं घर खाल्लं.’ त्यावर मॅडम म्हणाल्या, ‘खरंय बाई. पण पोराला माझ्याकडे बसू द्या.’

मी परत गेलो, पण इंग्रजीच्या तासाला माझी लघवी सुटायची. मॅडमनी मला वर्ष-दीड वर्ष एक शब्दही वाचायला सांगितला नाही. माझ्या उजव्या बाजूला बसून त्या स्वतःच वाचायच्या. एके दिवशी त्या एका शब्दावर अडखळल्या आणि मी पटकन सांगितला. त्या खरंच अडखळल्या होत्या की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

आज मी ताडोब्यात गाईड आहे. परदेशी पाहुण्यांना वाघाच्या गोष्टी इंग्रजीत सांगतो. मॅडमचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. फळ्याच्या वरच्या ओळी त्या नेहमी मुलांकडून पुसून घेत आल्या. हे दोन्ही मी एकाच दमात सांगतोय, कारण मला ते वेगळे करता येत नाहीत.

मॅडमना शाल आज बाबांनी द्यावी असं समितीनं ठरवलं होतं. बाबा सकाळी म्हणाले, ‘तिच्या त्या हातावर शाल टाकाची माह्यी हिंमत नाई.’ म्हणून शाल आई देईल. बाबा शेवटच्या रांगेत दाराशी बसले आहेत. त्यांनी निरोप दिलाय: ‘बाईले म्हणजो, मी माफी मागून नाई राह्यलो. मागाले तोंड नाई.’

मॅडम, निरोप पोचवला. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

माझं ऐकून घेतलंत, आपले आभार. आनंदाच्या दिवशी नको ते बोललो असेन, तर राग धरू नका. मला माफी मागता येते, म्हणून मी मागतो.