समुद्राची टाकी

हसू नका, पण लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना, त्याच उन्हाळ्यात मी घरात समुद्र मांडत होतो. सहा फुटी काचेची टाकी, त्यात समुद्रातले जिवंत दगड. त्यांच्या भोकाभोकांत बारीक जीव असतात, दगड वाळला की ते मेले. दगड येऊन पडले होते, आता थांबणं नव्हतं. आमच्या बोअरला तेव्हाही पाणी होतं. त्याचा मला लई माज होता.

पण बोअरचं पाणी समुद्रातल्या माशांना सोसत नाही, आधी मशीननं शुद्ध करावं लागतं. एक बादली शुद्ध निघाली की तीन बादल्या टाकाऊ. त्या टाकाऊ पाण्याची नळी मी गल्लीत सोडली होती. शेजारच्या सुमनमावशी भांड्याधुण्याला तिथं घागर लावायच्या.

एक दिवस त्या दारात आल्या. "दादा, यातलं चांगलं पाणी कुठं जातंय?"

"माशांच्या टाकीत, मावशी."

"मग त्यातलं तांब्याभर द्या की प्यायला."

"ते न्हाई चालायचं आता. मीठ टाकलंय त्यात."

"कुणी?"

"मीच."

मावशींनी आत डोकावून टाकी पाहिली. मग म्हणाल्या, "शिरूर अनंतपाळला आमच्या बोअरला खारं पाणी लागलं, म्हणून शेत सोडून इथं आलो आम्ही. आन् तुम्ही गोड्या पाण्यात हातानं मीठ कालवताय."

घागर उचलून त्या गेल्या. घरातल्या माठातलं पाणी द्यायचंही मला सुचलं नाही.

मासे आजही हायेत, धडधाकट. पण मिठाची पिशवी फोडायची असली की मी आधी दार लावून घेतो.