निवृत्ती सुताराच्या अंगातला भैरोबा

मंडळी, ऐका! टाळकरी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही हाताला विसावा द्या — आता नुसते कान पाहिजेत! एक प्रश्न विचारतो. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याची लाज राखायला खोटं बोललं, तर ते पाप की पुण्य?

ह्या पुढं बसलेल्या आयाबाया म्हणतात — पुण्य! कशा चटकन बोलल्या बघा! सवय असल्याशिवाय का कुणी इतकं चटकन बोलतं? बरं, उत्तर आत्ता नको. आधी गोष्ट ऐका, मग बोला.

एका गावात एक सुतार होता. गावाचं नाव सांगत नाही, मंडपात पाहुणे बसलेत! सुताराचं नाव निवृत्ती. आईबापानं नाव ठेवलं निवृत्ती, आणि गड्याची बाटलीपासून निवृत्ती काही होईना! हात मात्र सोन्याचा. त्यानं बसवलेलं दार पावसाळ्यातसुद्धा अडकायचं नाही. आणि बायको गयाबाई — तिच्यावर त्याचा जीव! तिचे गुडघे दुखतात म्हणून चुलीपुढं बसायला तिला एक ठेंगणं स्टूल केलं. चार वेळा तिला त्यावर बसवलं, चार वेळा पाय तासले. एवढं माप तर मंत्र्याच्या खुर्चीचं कुणी घेत नाही! कधी हात उचलला नाही, शिवी दिली नाही. प्यायला की गाणी म्हणायचा. आता सूर कसा होता, ते शेजाऱ्यांना विचारा!

(इथं एक सांगून ठेवतो, बायांनो. हात उचलणारा असेल, तर माझी गोष्ट ऐकत बसू नका. आधी घराबाहेर पडा. देव काही म्हणणार नाही.)

तर गयाबाई काय करायची? झाकायची! दारात गिऱ्हाईक आलं, "सुतार आहेत का?" — "पित्त झालंय हो त्यांना." दुसरं आलं — "कंबर धरलीय." तिसरं आलं — "आत्ताच मामाच्या गावाला गेले." आणि मामाच्या गावाला गेलेला माणूस आतून घोरतोय! अहो, बारा वर्षांत त्या सुताराला जेवढे आजार झाले, तेवढे ह्या अख्ख्या मंडपाला मिळून झाले नसतील.

आता भैरोबाची जत्रा आली. जत्रेची काठी देवळापर्यंत न्यायची, हा सुताराच्या घराचा मान. सकाळची वेळ, हलगी वाजतेय, सगळा गाव गोळा झालेला. आणि आपले निवृत्तीबुवा? पहाटेच घेऊन आलेले! काठी डावीकडं, बुवा उजवीकडं. दोन पावलं पुढं, तीन मागं. देवळाच्या पायरीपाशी आला, घुमला, थरथरला — आणि काठीसकट धाड्‌दिशी खाली!

हलगी थांबली. गाव बघतंय. आता आब्रू जाणार! गयाबाई गर्दीतून धावली. पित्त म्हणावं? काठी घेऊन कुणाला पित्त होतं का! तोंडाला आलं ते बोलली, "अहो, बघताय काय! भैरोबा आला त्यांच्या अंगात!"

झालं! रामा गुरवानं लोटांगण घातलं. त्याच्यामागं पाटील, पाटलामागं गाव! कुणी हार आणला, कुणी कपाळाला भंडारा फासला. गुरव हात जोडून म्हणतो, "देवा, काय पाहिजे तुला?" निवृत्तीनं एक डोळा उघडला. खरं तेच बोलला बिचारा — "बाटली."

आणि आणली हो! नारळाशेजारी ठेवली! भैरोबाला कधी नव्हती ती सवय त्या दिवसापासून लागली. दर रविवारी सुताराच्या ओट्यावर रांग. म्हैस हरवली, "पूर्वेला गेली." सापडली पश्चिमेला. लोक म्हणाले, देवाची पूर्व वेगळी असते! हसू नका, त्या रांगेत आपल्यातले कितीतरी जण उभे असतात.

इकडं गयाबाईला घास गोड लागेना. आधी तो लपून प्यायचा, आता गावच हार घालून पाजतंय. आणि ते दार उघडलं कुणी? तिनंच. दारू तो पीत होता, तिनं पाजली नव्हती, हे ध्यानात ठेवा. पण खोटं तिचं होतं, आणि ते तिला रात्रंदिवस टोचत होतं.

एका रविवारी शेवंता आली. शेजारच्या आळीतली सून, कडेवर दीड वर्षाची लेक. दोन दिवस पोरीला जुलाब. डोळे खोल गेलेले, मान टाकलेली, रडायचंसुद्धा त्राण नाही. शेवंता ओट्यापुढं बसली, पदर पसरला, "देवा, तालुक्याच्या दवाखान्यात नेऊ, की तुझा अंगारा लावू? तू सांगशील तसं करते."

निवृत्ती डुलतोय. त्याला शेवंताही दिसत नाही, पोरही दिसत नाही. म्हणाला, "दवाखाना नको... अंगारा लाव. उतरेल."

शेवंतानं अंगारा उचलला. पोरीच्या कपाळाला लावला. उठली, घराकडं निघाली!

मंडळी, दारात उभी आहे गयाबाई. एका बाजूला नवरा — बारा वर्षं झाकलेला. बोललं तर त्याला गावात तोंड दाखवता यायचं नाही. दुसऱ्या बाजूला ती मान टाकलेली पोर. तुम्ही काय केलं असतं? खाली बघू नका, सांगा!

गयाबाई ओरडली, "थांब गं शेवंते! तो देव नाही. दारू आहे ती!"

रामा गुरव खवळला, "गयाबाई, देवाची थट्टा करतेस?"

"थट्टा जत्रेला केली, बाबा. मी केली. भैरोबा कधी आलाच नव्हता ह्यांच्या अंगात. हे पिऊन पडले, आणि मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले. मला काय बोलायचं ते मागनं बोला, आधी जीप आणा!"

पाटलाची जीप आली. गयाबाई शेवंतेबरोबर बसून गेली. डॉक्टरांनी पोरीला बघितलं, लगेच सलाईन लावलं. म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर माझ्या हातात काही उरलं नसतं." दुसऱ्या दिवशी सकाळी पोर रडली. असं रडली की सगळा वॉर्ड जागा! आणि त्या रडण्यावर तिची आई हसत होती.

गयाबाई घरी आली. निवृत्ती ओट्यावर बसलेला, दारू उतरलेली, मान खाली. म्हणाला, "सगळ्यांदेखत पाडलंस मला."

"पाडलं."

"पोर?"

"वाचली."

गड्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग म्हणाला, "आता मला सोडून जाशील."

"सोडायचं असतं तर बारा वर्षं एवढं खोटं कशाला बोलले असते? माझा जीव आहे हो तुमच्यावर! जेवायला वाढीन, आजारी पडलात तर उशाशी बसेन. पण आजपासून तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही. एकसुद्धा नाही."

आता तुम्हाला वाटेल, लगेच सुटली दारू! छे हो! चौथ्या दिवशी प्याला. गिऱ्हाईक आलं, "सुतार आहेत का?" गयाबाई खणखणीत म्हणाली, "आहेत की! पिऊन पडलेत. उद्या या!" आतल्या खाटेवर निवृत्तीनं गोधडी डोक्यावर ओढली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "आहेत! पिऊन पडलेत!" गावातली पोरंसोरंसुद्धा विचारायला लागली, सुतार उभे आहेत का आडवे?

आणि मग एका दुपारी कडी वाजली. गयाबाई भाकरी थापत होती, हात पिठाचे. ती उठायच्या आत निवृत्ती उठला. भिंत धरत, दार धरत बाहेर गेला. रामा गुरव उभा होता, देवळाची चौकट दुरुस्त करायची म्हणून. निवृत्ती त्याला म्हणाला, "गुरवबाबा, मी आत्ता प्यालोय. देवाच्या कामाला हात लावणार नाही. आणि हे माझं मला सुटत नाही. त्या डॉक्टरांकडं मला कुणी घेऊन चला."

आत गयाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि पदर डोळ्याला लावला. बारा वर्षांत आपल्या दारूबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं! हातात हात घालून नवराबायको गेली दवाखान्यात. त्यानंतरही तो दोनदा घसरला, मी खोटं सांगणार नाही. दोन्ही वेळा स्वतः गावाला सांगून परत दवाखान्यात गेला.

तर मंडळी, पाप की पुण्य? आता कशा गप्प झाल्या पुढच्या आया! अहो, तुमच्या घरातही कुणाला तरी पित्त झालेलं आहे. कुणाच्या नवऱ्याला, कुणाच्या मुलाला — आणि हो, कुणाच्या बायकोलाही! उद्या दारात कुणी विचारेल, तेव्हा एकदा खरं बोलून बघा. आणि अहो, मागच्या खांबाला टेकून बसलेले बुवा, तुमच्याकडं कुणीही बघत नाही. मीही बघत नाही. पण तुम्ही घरी गेलात, की तिनं तोंड उघडायच्या आधी तुम्हीच सांगा!

मृदंगबुवा, हाणा थाप! विठ्ठल, विठ्ठल!